युद्धकलेंतील पशुगुरु

कोणत्याही जुन्या तालमींत पाऊल टाकलें कीं प्रथम दृष्टीस पडतो तो शेंदूर फांसलेला मारुति. मल्ल त्याच्यापुढें वांकतो, हौद्यांतली माती कपाळाला लावतो आणि मग लंगोट आवळून खालीं उतरतो. देव वानराचा, पण त्याला नमस्कार करून उतरलेला मल्ल वानरासारखे हातपाय हालवीत नाहीं. त्याच्या डावांचीं नांवें पाहिलीं तरी तीं रानांतून आलेलीं दिसत नाहींत. धोबीपछाड नदीच्या घाटावरून आला आहे, मोळी सरपणाच्या भाऱ्यावरून. तालमींतला मारुति बळाचा, ब्रह्मचर्याचा आणि स्वामिनिष्ठेचा आदर्श म्हणून उभा आहे. डाव शिकविणारा वस्ताद म्हणून नव्हे.

युद्धकलेंत पशु येतो तो एकाच रीतीनें येत नाहीं. १६५९ सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजीमहाराजांच्या हातांत वाघनखें होतीं असें परंपरा सांगते. तेथें मनुष्यानें वाघाचें शस्त्रच उचललें; आपल्याला नखें नाहींत म्हणून तीं पोलादाचीं घडवून बोटांत अडकविलीं. मारुतीपासून मल्ल आदर्श घेतो, वाघापासून योद्धा हत्यार घेतो. या दोहोंहून निराळी अशी एक तिसरी देवघेव आहे, आणि खरी मौज तिच्यांत आहे. तींत मनुष्य पशूची मूर्ति पुजीत नाहीं कीं त्याचें नखही उसनें घेत नाहीं. तो पशु वजन कसें तोलतो, मान कशी वळवितो, झेप टाकण्यापूर्वीं क्षणभर काय करतो, एवढें पाहून तो एखादा नेमका गुण स्वतःच्या हाडामांसांत उतरविण्याचा यत्न करतो.

ज्या घरांत एकनाथी भागवत वाचलें जातें तेथें ही कल्पना नवी वाटणार नाहीं. अवधूतानें यदूला आपले चोवीस गुरु सांगितले, त्यांत कपोत आहे, अजगर आहे, भ्रमर, गज, हरिण, मत्स्य, सर्प आणि कोळीही आहे. मात्र एक भेद आहे. अवधूत पुष्कळदां पशूच्या चुकीवरून शिकतो. हत्ती स्पर्शाला भुलतो, हरिण नादाला, मासा जिभेला. म्हणून शहाण्यानें तसें वागूं नये. योद्धा त्याच हत्तीकडे पाहतो आणि त्याला निराळाच प्रश्न पडतो: एवढा देह हा प्राणी तोलतो तरी कसा?

धनुर्वेदावरील जुन्या संस्कृत ग्रंथांतूनही ही दृष्टि डोकावते. वसिष्ठाच्या नांवावर मोडणाऱ्या धनुर्वेदसंहितेंत बाण सोडतांना उभें राहण्याचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत एक दर्दुरक्रम, म्हणजे बेडकाची बैठक, आणि एक गरुडक्रम आहे. मुठींच्या प्रकारांत सिंहकर्ण आहे, काकतुंडी आहे. महाभारतांत तर सबंध सैन्यच क्रौंचाचें, मकराचें किंवा गरुडाचें रूप घेऊन उभें राहतें. चोचीच्या जागीं कोण, पंखांच्या जागीं कोण, हें सेनापति नेमून देतो. सिंहाचा कान किंवा कावळ्याची चोंच म्हटली कीं शिष्याच्या डोळ्यांपुढें बोटांची ठेवण एकदम उभी राहते. अंगुलांचीं मापें सांगून ती इतक्या लवकर उभी राहिली नसती. पशूचें नांव ही येथें प्रथम स्मरणाची खूण आहे. तिला चिटकलेला गूढार्थ मागाहूनचा असतो.

ही खूण अंगांत पुरती मुरलेली पाहावयाची तर केरळांत जावें लागतें. तेथील कळरीपयट्टू या विद्येंत आठ पशुरूपें प्रसिद्ध आहेत: गज, सिंह, अश्व, वराह, सर्प, मार्जार, कुक्कुट आणि मयूर. मलयाळम् भाषेंत अशा रूपाला वडिवु, म्हणजे घाट किंवा आकृति, असें म्हणतात. कळरी ही शिकण्याची जागा. उत्तर मलबारांतली परंपरागत कळरी सुमारें ४२ फूट लांब, २१ फूट रुंद आणि जमिनींत कांहीं फूट खोल खणलेली असते. दार पूर्वेला, नैर्ऋत्य कोपऱ्यांत पूत्तरा नांवाचें सात पायऱ्यांचें देवस्थान. पावसाळा लागला कीं अंगभर तेल चोळून मुलें आंत उतरतात. शिक्षकाला गुरुक्कळ म्हणतात. ते एका लयींत आज्ञा उच्चारीत जातात आणि शिष्य त्या शब्दांवर पाय, कंबर, हात हालवितात. हातांत लांकडी हत्यार येण्यापूर्वीं बराच काळ नुसत्या शरीराची मशागत चालते, आणि वडिवु येतात ते या मशागतींत.

गजवडिवूंत पाय फांकवून, गुडघे वांकवून शिष्य खालीं दबतो आणि दोन्ही हात तोंडासमोर एकत्र आणतो; जणूं सोंड वर उचलली आहे. हत्ती चाल करतो तेव्हां त्याचें सर्व अंग एका ठिकाणीं गोळा होतें, कोठें कांहीं सैल राहत नाहीं. शिकावयाचें तें हें गोळा होणें. अश्ववडिवूंत पुढचा गुडघा वांकलेला, मागचा पाय लांब ताणलेला. त्यांत घोड्याची धांव नाहीं. धांवण्यापूर्वीं त्याच्या अंगांत दाटलेला जोर आहे. वराह आणि मार्जार यांवर फार बोलण्यासारखें नाहीं. रानडुकराची खालून येणारी धडक आणि मांजराची चपळाई कोणालाही ठाऊक आहे.

सापापाशीं मात्र थांबावें. फणा काढलेला नाग शेपटीकडचा भाग जमिनीला धरून ठेवतो आणि वरचें अंग पाहिजे त्या दिशेला फिरवितो. विष, फूत्कार, भीति, जें जें म्हणून कवीला सापांत दिसतें तें तें सर्व गुरुक्कळ बाजूला ठेवतात. त्यांचा प्रश्न एवढाच असतो कीं, जागा न सोडतां हा प्राणी मागें वळतो कसा? सर्पवडिवु हें त्याचें उत्तर होय. पावलें रोवलेलीं, कंबर मोकळी, आणि दृष्टीबरोबर छाती वळलेली. अरुंद जागेंत ज्याला दोन बाजूंनीं गांठलें आहे अशा मनुष्याला याहून उपयोगाचा धडा कोणता मिळणार? सापाच्या क्रौर्याचा त्याला कांहीं उपयोग नाहीं. सापाच्या शेपटीचा आहे.

हत्ती आणि सिंह यांच्या पंक्तीला कोंबडा बसलेला पाहून शहरी माणसाला हसूं येतें. पण देवांचा सेनापति कार्तिकेय, त्याचें वाहन मोर आणि त्याच्या ध्वजावर कोंबडा, हें आठवलें कीं हसूं ओसरतें. झुंजीचा कोंबडा एक पाय उचलून उभा राहतो, मान हालवितो, पिसें फुलवितो, परंतु डोळा प्रतिस्पर्ध्यावरून काढीत नाहीं. आणि भिडला म्हणजे चोंच, पंख, नखें सर्वच वापरतो. त्याचें असें एकच हत्यार नाहीं. मोर पिसारा पसरून, मान उंचावून एका पायावर डुलतो आणि तोल दुसऱ्या पायावर जातांच उडी घेतो. नाच आणि हल्ला यांच्यामधली ही रेषा इतकी बारीक आहे कीं पाहणारा फसतो, आणि मोराचा तोच हेतु असावा असें गुरुक्कळ धरून चालतात.

ही आठांची यादी दगडावर कोरलेली नाहीं. कोणी गुरु त्यांतलें एखादें रूप गाळून मत्स्य घालतात. उत्तरेकडे वडिवु हें बहुतेक स्थिर ठाण असतें. दक्षिणेच्या परंपरेंत तें चालीच्या अंगानें येतें. एकाच नांवाची मांडणी दोन कळऱ्यांत दोन तऱ्हांची दिसते. पुस्तकी माणूस याला गोंधळ म्हणेल. पण जी विद्या पोथीवरून न येतां पाहण्यांतून आली, तींत दोन पाहणाऱ्यांना एकच गोष्ट दिसली नाहीं तर नवल काय? मलयाळी योद्ध्यांची एक म्हण आहे कीं, सर्व शरीर डोळा झालें पाहिजे. रानांतल्या प्राण्याचें शरीर जन्मतःच तसें असतें. मनुष्याला तें बारा बारा वर्षें तेल आणि घाम गाळून करावें लागतें.

१८०५ सालीं पळशी राजा मारला गेला आणि मलबारांत इंग्रजांचा अंमल निर्वेध झाला. शस्त्रें बाळगण्यावर निर्बंध आले. ही विद्या कांहीं घराण्यांत कशीबशी जीव धरून राहिली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत तेल्लिचेरी, म्हणजे हल्लींचें तलश्शेरी, येथें कोट्टक्कल कणारन् गुरुक्कळ यांच्या मार्गदर्शनानें त्यांचे शिष्य सी. व्ही. नारायणन् नायर यांनीं ती पुन्हां लोकांसमोर आणली; गांवोगांव प्रयोग करून दाखविले. त्यांचे उपकार मोठे आहेत.

याच तेल्लिचेरीची आणखी एक ख्याति आहे, आणि तिचा धागा महाराष्ट्राशीं जुळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विष्णुपंत छत्रे यांची ग्रेट इंडियन सर्कस तेथें गेली. गांवांत कीलेरी कुंञिकण्णन् नांवाचे शिक्षक होते; मुलांना कसरत आणि कळरी दोन्ही शिकवीत. ते या खेळाकडे ओढले गेले, आणि १९०१ सालीं जवळच चिरक्करा येथें त्यांनीं सर्कशीची शाळा काढली. पुढें त्या मुलखांतून कसरतपटूंची रीघ लागली. आतां हें चित्र डोळ्यांपुढें आणावें. एका अंगणांत मनुष्य वर्षानुवर्षें हत्तीच्या घाटांत शिरण्यासाठीं झटतो आहे. थोड्या अंतरावर तंबूंत हत्तीला माणसासारखें चौरंगावर बसावयास शिकवीत आहेत. एकीकडे हत्ती गुरु, दुसरीकडे हत्ती विदूषक.

प्रयोगांतली मेख ही आहे. चव्हाट्यावर आल्यावांचून कळरी जगली नसती. पण चव्हाट्यावर टाळी पडते ती मोराच्या उडीला. सापाचें रोवलेलें पाऊल मागल्या रांगेंतून दिसतही नाहीं. जें दिसत नाहीं तें शिकविण्याचा कंटाळा येऊं लागतो, आणि मग वडिवु राहतो पण पशु निघून जातो. बहुरूप्यानें वाघाचें कातडें पांघरलें तर त्याला कोणी दोष देत नाहीं, कारण तो आपण बहुरूपी आहों असें सांगूनच दारीं येतो.

सोंग आणि विद्या यांतला हा झगडा चीनमध्यें याहून मोठा आहे, आणि तेथें त्याचा उगमही पाहतां येतो. १९७३ सालीं हूनान प्रांतांतील माव्हांगत्वेइ येथें उत्खनन झालेल्या एका थडग्यांत रेशमावर रंगविलेला एक पट सांपडला. थडगें इसवी सनापूर्वीं १६८ सालचें. पटावर ४४ मनुष्याकृति आहेत, आणि कांहींच्या शेजारीं अस्वल, माकड अशीं पशूंचीं नांवें लिहिलीं आहेत. हीं माणसें कोणाशीं लढत नाहींत. व्यायाम करून व्याधि दूर ठेवीत आहेत. पुढें इसवी सन २०८ मध्यें मरण पावलेला प्रसिद्ध वैद्य हुआ त्वो यानें वाघ, हरिण, अस्वल, माकड आणि पक्षी अशा पांचांच्या हालचालींचा एक व्यायाम शिष्याला दिला. रोज फिरणारा दाराचा खुंटा कुजत नाहीं, तसेंच शरीराचें आहे, असें त्याचें म्हणणें. तो शिष्य नव्वदीला आला तरी त्याचे कान, डोळे आणि दांत शाबूत होते, असें तिसऱ्या शतकांतल्या इतिहासांत नमूद आहे. चीनमध्यें पशु हा असा आधीं वैद्याच्या घरीं आला. आखाड्यांत तो बऱ्याच उशिरां गेला.

सोळाव्या शतकांत समुद्रकांठच्या चाच्यांशीं लढलेला सेनापति छी चिक्वांग यानें १५६० च्या सुमारास सैन्यशिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्यांत मुष्टियुद्धाचे ३२ पवित्रे चित्रांसह दिले आहेत, आणि त्यांत एका पायावर उभा राहिलेला सोनेरी कोंबडा आहे, दबा धरलेला वाघही आहे. परंतु हा रोखठोक शिपाईगडी तेथेंच सांगून टाकतो कीं, मोठ्या लढाईंत याचा विशेष उपयोग नाहीं. हातपाय मोकळे व्हावे म्हणून नवशिक्यानें येथून आरंभ करावा. पुढें १५८४ च्या आवृत्तींतून तर त्यानें हें प्रकरणच काढून टाकलें. ज्याला खरोखर सैन्य लढवावयाचें होतें त्याला कोंबड्याचें महत्त्व कोठें संपतें हें ठाऊक होतें.

चीनमधल्या सर्व पशुकथांत अर्थानें भरलेली एक कथा फूच्येन प्रांतांतल्या युंगछुन गांवची आहे. फांग छिन्यांग नांवाची एका मल्लाची मुलगी. काळ सतराव्या शतकाचा सांगतात. अंगणांत एक पांढरा क्रौंच उतरला. त्याला हांकलावें म्हणून तिनें बांबूची काठी उगारली. पक्षी बाजूला सरला. तिनें पंखावर मारूं पाहिलें, तर पंखानें काठी हलकेच लोटली. पायावर मारूं पाहिलें, तर पाय उचलून त्यानें चोंच पुढें केली. वडिलांपाशीं शिकलेलें सारें वापरूनही त्या पक्ष्याला तिला एकदांही स्पर्श करतां येईना. मग तिनें काठी टाकली आणि ती पाहूं लागली. श्वेतक्रौंच पद्धतीचा उगम असा सांगतात. ही दंतकथा आहे. पण दंतकथा उगीच तयार होत नाहीं. हलक्या अंगाच्या माणसाला जड प्रतिस्पर्ध्याशीं वाघ होऊन भिडतां येत नाहीं. क्रौंचाला काठी अडविण्याचें बळ नाहीं, म्हणून तो ती अडवीतच नाहीं. अशा कथेंत नायकाच्या जागीं स्त्री असावी हें ओघानेंच आलें.

शाओलिन मठाचे म्हणून जे पांच पशु जगभर गाजले ते ड्रॅगन, वाघ, चित्ता, साप आणि क्रौंच. १९१५ सालीं शांघायमध्यें छापलेल्या एका पुस्तकानें त्यांची अशी वांटणी सांगितली कीं, ड्रॅगनपासून मन घडतें, वाघापासून हाडें, चित्त्यापासून बळ, सापापासून प्राणवायु आणि क्रौंचापासून सत्त्व. चार प्राणी रानांत आढळतात. पांचवा कोणीच पाहिलेला नाहीं, म्हणून मनाचें शिक्षण त्याच्याकडे सोंपविलें असावें! वांटणी सुरेख आहे, आणि तिच्या सुरेखपणामुळेंच संशय येतो. तांग हाओ या चिनी संशोधकानें १९३० सालीं शाओलिनच्या कथा कागदपत्रांशीं ताडून पाहिल्या, तेव्हां त्यांतल्या पुष्कळ उडाल्या. बोधिधर्मानें हिंदुस्थानांतून ही विद्या चीनमध्यें नेली, ही समजूत त्यांतलीच. ज्या व्यायामग्रंथावर ती उभी आहे तो बोधिधर्मानंतर हजार वर्षांहून अधिक काळानें, १६२४ च्या सुमारास रचलेला आहे.

भारतीय मनाला बोधिधर्माची कथा गोड लागते आणि ती सोडवत नाहीं. तथापि या दोन याद्या शेजारीं ठेवून पाहाव्या. केरळचे आठ आणि शाओलिनचे पांच यांत सामाईक एकटा सापच आहे. हत्ती नाहीं, मोर नाहीं. क्रौंच नाहीं, चित्ता नाहीं. एका देशानें दुसऱ्याला पशुविद्या दिली असती तर पशूंचा कळपही बरोबर गेला असता. केरळच्या माणसानें देवळाच्या दारांतला हत्ती पाहिला आणि फूच्येनच्या मुलीनें अंगणांतला क्रौंच. साप दोघांच्याही बांधावर होता.

महाराष्ट्रांतही वानर केवळ तालमीच्या कोनाड्यांतच राहिला असें नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांनीं आव्हान दिलें. तें बाळंभटदादा देवधर यांनीं स्वीकारलें. वणीच्या सप्तशृंगीपाशीं त्यांनीं अनुष्ठान केलें, तेव्हां मारुतीनें दृष्टांत देऊन लांकडी खांबावर कसे खेळावें तें दाखविलें, आणि त्यांतून मलखांब पुन्हां सुरू झाला, अशी कथा आहे. येथें मात्र देवानें वस्तादाचें काम केलें. गुळगुळीत, एरंडेल चोळलेला खांब आणि त्यावर झाडावरच्यासारखा चढणारा मुलगा. आरंभींच्या धड्यांत त्याला अढी शिकवितात. डोकें खालीं, पाय वर, आणि मांड्यांची पकड अशी कीं हात सोडले तरी अंग घसरूं नये. वानराला तोल सांवरावयास शेपूट असतें. मुलाला तें नाहीं, म्हणून वस्ताद आधीं त्याच्या मांड्या घट्ट करून घेतो.